पेचकस काढला का चित्र जाते

सुधाकरचं एकच चुकलं. तो सासरवाडीत जेवता जेवता बोलून बसला. माणसानं बोलावं, नाही कोण म्हणते, बाजारात बोलावं, बसस्टँडवर बोलावं, पण सासरवाडीच्या पंगतीत नाही. तिथं आपल्या तोंडात घास असते अन् बाकीचे सारे ऐकाले रिकामे असतात.

पांढुर्ण्याले साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या, पोराचं बारसं होतं. अंगणात पंगत बसली होती अन् समोर सासरे शालिकरामजी. शालिकरामजी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले पॉइंट्समन, गाडी कोणत्या रुळावर जाईल तो दांडा ओढणारा माणूस. साऱ्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरली होती, का तारेतून जे येते ते नागपूरहून येते. गाडी सुटल्याची खबर नागपूरहून. बदलीचा हुकूम नागपूरहून. साहेबाच्या शिव्याही नागपूरहून. टीव्ही आला तवा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. नागपूरहून अजून एक वस्तू आली, एवढंच.

अन् सुधाकर, सौंसरच्या नगरपालिकेत नळाच्या खात्यातला बाबू, याच माणसाले म्हणते, "मामाजी, यंदा जयंतीले मी आमच्या विहारात टीव्हीवर चित्र दाखवणार. नागपूरचं नाही. माझं सोताचं."

शालिकरामजींनी वरणाची वाटी खाली ठेवली. शांतपणे म्हणाले, "जवाई, टीव्हीत नागपूर दिसते. सौंसर कधी दिसलं का कोणाले?"

पंगत हसली. ते चालते, पंगत हसतच असते. पण सुधाकरची बायको इंदू भात वाढत होती, तीही हसली, अन् वरून भात वाढून पुढं निघून गेली. सुधाकरनं तो भात बाजूले सारला. त्यानं तिथंच मनात ठरवलं, का आता चित्र दिसलंच पाहिजे, अन् मामाजींना पह्यल्या रांगेत बसवून दिसलं पाहिजे.

आता त्यानं हवेत बाता मारल्या असं समजू नका. त्याचा रवींद्र नावाचा दोस्त आहे नागपूरले. रवींद्रच्या काकानं परदेशातून एक कॉम्प्युटर आणला होता. दोन महिने खेळून रवींद्रचा जीव भरला, तं सुधाकर म्हणे मले दे जयंतीपुरता. कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं कपाट येऊन राहिलं असन, पण हा पाटीएवढाच. वरती बटनं, अन् सोताचा पडदाच नाही. पडदा म्हणजे घरचा टीव्ही. अन् दोघाच्या मधात एक पत्र्याची डबी, काडीपेटीहून जराशी मोठी, तिले म्हणायचं कन्व्हर्टर. कॉम्प्युटरचं म्हणणं टीव्हीले समजेल असं करून सांगाचं, हे तिचं काम. डबीच्या बाजूले भोक, भोकात बारीकसा पेच. पेच नेमका बसला का चित्र आलं.

नागपूरच्या स्टँडवर, सुधाकरची बस सुटता सुटता, रवींद्र खालून खिडकीत तोंड घालून म्हणाला, "थोडा पेच ॲडजस्ट करून घेजो."

थोडा. माझ्या मतानं या देशात 'थोडा' या शब्दावर बंदी पाह्यजे. गवंडी थोडा म्हणते, डॉक्टर थोडा म्हणते, अन् भोगाचं आपल्याले.

सुधाकरनं रविवारी दुपारी जोडणी केली. कॉम्प्युटर डबीत, डबी टीव्हीत, टीव्हीचं लाकडी शटर सरकवलं, खटका दाबला, तं पडद्यावर नुसत्या मुंग्या. चॅनलचं गोल बटन खटखट फिरवलं. मुंग्या, जाड्या मुंग्या, बारीक मुंग्या. रविवार असल्यानं पिक्चरची जागा धरायले गल्ली दुपारीच येऊन बसली होती. ज्यांना वाटलं टीव्ही बिघडला, ते बोलायले लागले. कोणी म्हणे टीव्हीच्या डोक्यावर हात मार, कोणी म्हणे डोक्यावर नाही, कमरेत मार. वच्छलाबाई म्हणाल्या आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली का असंच होते, कोणाचा कुकर लागला आहे ते पाहा. दोघी उठून खरंच पाहून आल्या.

तेवढ्यात वच्छलाबाईचा नवरा गुणवंता आला. गुणवंता संत्र्याच्या बगीच्याचा मालक, पण गल्लीत त्याची खरी इज्जत म्हणजे अँटेना. कोणाच्याही घरचं चित्र गेलं का गुणवंता छपरावर. पाइप हातात धरून तो असा उभा राह्यचा, जसा नागपूरच्या टॉवरशी त्याचा घरोबा आहे. तो आल्या आल्या म्हणाला, "अँटेना सरकला," अन् चढला.

सुधाकरनं लय समजावलं. म्हणाला गुणवंताभाऊ, कॉम्प्युटर इथं टेबलावर आहे, टीव्ही त्याच्या बाजूले आहे, मधात हातभर वायर आहे, अँटेनाची वायर तं मी काढून ठेवली. याच्यात नागपूर येतेच कुठं? गल्लीनं त्याच्याकडे असं पाह्यलं, जसा तो म्हणून राह्यला का विहिरीत पाणी नसते. मंग नेहमीसारखं सुरू झालं. एक जण दारात, एक जण अंगणात, अन् वर गुणवंता. सावनेरकडे घे. नाही आलं. जरासा काटोलकडे. नाही. परत सावनेरकडे, हळू, हळू.

अन् खाली सुधाकर चिडून, पेचकस त्या भोकात घालून, पेच फिरवून राह्यला होता. तुम्ही आता वळखलंच असन काय झालं ते. गुणवंतानं पाइप सावनेरकडे नेला, अन् त्याच टायमाले पेच नेमका बसला. पडद्यावरच्या मुंग्या फाटल्या अन् मधातून पांढरं शुभ्र चक्र वर आलं, खाली जय भीम, इंग्रजी अक्षरात. सुधाकरनं रवींद्रच्या घरी रात रात बसून त्या बटनांवर लिहून काढलेलं चक्र. त्याच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

गल्ली धावली. कोणाकडे? अंगणात, गुणवंताले खाली उतरवायले. त्याले चहा पाजला. सुधाकर पेचकस धरून आतच बसला. वच्छलाबाई तेवढ्या आत आल्या, पडदा पाह्यला अन् म्हणाल्या, "भाऊ, नागपूरवाले आज पापड काहून दाखवून राह्यले?"

कारण चक्र गोल नव्हतं. हातानं लाटल्यासारखं आडवं पसरलं होतं. तेही सुधाकरनं सहन केलं. पण मंग त्यानं पेचकस बाहेर काढला, अन् चित्र गेलं.

परत घातला, आलं. काढला, गेलं. तुम्ही म्हणाल पेचकस चिकटपट्टीनं तिथंच चिकटवून टाकाचा. त्यानं चिकटवला. हात सोडला, गेलं. हात लावला, आलं. म्हणजे नुसता पेचकस नाही, पेचकस धरलेला माणूस पाह्यजे. माणसाचं अंग, त्याच्या हातातलं लोखंड, सारं मिळून त्या डबीचा हिशेब जुळत होता. सुधाकरनं मंग माणूस नसल्यावर कितीक फरक पडते ते धरून अंदाजानं पेच पुढं फिरवला, मंग मागं, मंग अजून पुढं. अंदाज काही जमला नाही, पण पेचाची खाच झिजली. आता पेच फिरायचंच बंद. फक्त पेचकस एका बाजूनं दाबून टेकवून धरला का चित्र राह्यचं. अगरबत्तीची काडी लावून पाह्यली, मोडली. इंदूची स्वेटर विणाची सुई लावून पाह्यली, ती घसरली, अन् इंदू म्हणाली माझी सुई द्या परत, अन् तुमची जयंती होईस्तोवर मले काही विचारू नका.

मागं फिरता येईना. कारण जयंती समितीचे अध्यक्ष सुखदेवभाऊ. सुखदेवभाऊंना कोणती गोष्ट छापली नाही तं झाली असं वाटतच नाही. त्यांनी पत्रक छापून टाकलं होतं, 'सायंकाळी कॉम्प्युटर दर्शन व श्री. सुधाकर यांचा जाहीर सत्कार.' पत्रक लोधीखेड्यालेही गेलं अन् पांढुर्ण्यालेही. पांढुर्ण्याहून शालिकरामजींचा निरोप आला, येतो म्हणून. वर एवढंच, का नागपूरची लाइन खराब असली तं आधी कळवा, उगाच बसभाडं नोको.

मंग परवानगीचं लफडं. लाउडस्पीकरची परवानगी दरवर्षीची, मिळाली. पण सुखदेवभाऊंनी अर्जात प्रामाणिकपणे कॉम्प्युटरचंही लिहून टाकलं. परवानगीच्या ऑफिसातल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला. सौंसर पडलं मध्यप्रदेशात, तं सरकारी बोलणं सारं हिंदीतून. म्हणाला, "पब्लिक को टीवी पर कुछ दिखाओगे, तो वो सिनेमा हुआ. सिनेमा का टैक्स, सिनेमा की परमिशन, छिंदवाड़ा जाओ."

सुधाकर म्हणाला सिनेमा नाही साहेब, चक्र आहे.

बाबूनं पेन खाली ठेवला. असा प्रश्न त्याच्या टेबलावर कधी आला नसावा अन् त्याले तो आवडून राह्यला होता. "चक्र चलेगा, कि रुका रहेगा? चलेगा तो पिक्चर. रुका रहेगा तो फोटो. फोटो की परमिशन नहीं लगती."

आता ऐका, चक्र चालत होतं. आरे एकामागं एक उजळायचे अन् चक्र फिरल्यासारखं दिसायचं. त्यासाठीच तं सुधाकरच्या डोळ्याखाली काळं आलं होतं. तो तिथंच भांडाले उठला, पण सुखदेवभाऊंनी त्याचा पाय टेबलाखाली दाबला अन् सोता म्हणाले, रुकेल साहेब, एकदम रुकेल. बाबू खुश झाला. म्हणाला मी सोता येऊन पाहीन. धमकी नव्हती ती, त्याले खरंच पाहाचं होतं. अन् घरी येऊन सुधाकरनं आपल्या हातानं चक्र थांबवलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं इंदू सांगते. सुधाकर म्हणते जेवलो, पण चव नव्हती.

जयंतीचा दिवस उजाडला. सकाळची रॅली झाली, निळे झेंडे, ऊन असं का डांबर चपलेले धरून राह्यलं. संध्याकाळी विहारापुढं मांडव, सतरंज्या, पोरीसोरी, म्हातारे, सारा मोहल्ला. मधात उंच टेबल, त्यावर टीव्ही अन् कॉम्प्युटर, टेबलावरून जमिनीपर्यंत निळं कापड. अन् कापडाच्या आत, कोणाले न सांगता, पाय पोटात घेऊन, नवा पांढरा शर्ट घातलेला सुधाकर. डबी टेबलाच्या खालून बांधलेली, पेचकस वरच्या बाजूले टेकवलेला, हात डोक्याच्या वर. जो माणूस साऱ्यांपुढं उभं राहून चक्र समजावून सांगणार होता, तो आता टेबलाखालून लोकांच्या चपला पाहून राह्यला होता.

एक गोष्ट मात्र त्यानं मुद्दाम केली होती. विहाराच्या छपरावर अँटेना नव्हता, तो त्यानं लावूही दिला नाही. अँटेनाच नाही तं नागपूर कुठून येईल? मामाजींना सोताच्या डोळ्यानं दिसलं पाह्यजे. पण गुणवंता. शेजारधर्माचा माणूस. त्याले कळलं विहारात अँटेना नाही, त्याचा जीव राह्यला नाही. त्यानं घरचा अँटेना बांबूसकट सोडला, सायकलले आडवा बांधून आणला, अन् मांडवाबाहेर बांबू धरून नागपूरकडे तोंड करून उभा राह्यला. वायर कशालेच जोडलेली नाही. नुसतीच लोंबून राह्यली.

शालिकरामजी आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काठी. येता येता त्यांनी गुणवंताले पाह्यलं, गुणवंतानं मान हलवून काळजी नोको म्हणून सांगतलं, अन् मामाजी समाधानानं पह्यल्या रांगेत, त्या ऑफिसातल्या बाबूच्या बाजूले जाऊन बसले. हे सारं सुधाकर कापडाच्या फटीतून पाहून राह्यला होता अन् आतल्या आत उकडून निघत होता.

समितीच्या एका पोरानं बटन दाबलं. चक्र आलं, साफ, जागच्या जागी थांबलेलं. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. बाबूनं डोकं वाकडं करून तपासलं अन् म्हणाला, "हां, फोटो है." अन् शालिकरामजींनी मागं वळून, गुणवंताकडे पाहून, शाबासकीसारखा हात वर केला.

मंग भाषणं. मोठी भाषणं. सुधाकरचा हात आधी दुखला, मंग मुंग्या आल्या, मंग तो हात कोणा दुसऱ्याचाच वाटाले लागला. अन् तेवढ्यात माइकवर सुखदेवभाऊ: "आता ज्यांनी हे चक्र दाखवलं, त्या सुधाकरभाऊंनी सत्कारासाठी मंचावर यावं."

आली का पंचाईत? उठला तं चित्र जाते, साऱ्या मोहल्ल्यापुढं मुंग्या. नाही उठला तं ज्यासाठी केलं ते गेलं. सुखदेवभाऊंनी परत बोलावलं. हार हातात घेऊन तिसऱ्यांदा बोलावलं. लोक इकडंतिकडं पाहाले लागले. इंदू बायकांच्यात खाली मान घालून बसली. मांडवाबाहेरून गुणवंतानं आवाज दिला, सुधाकर नसन तं मी येऊ काय, पण बांबू कोण धरते?

त्यावर मामाजी उठले. जवाई ऐन टायमाले पळून गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. ते टेबलापाशी आले, काठी टेकवली, अन् काठीनं निळं कापड वर उचललं. खाली जवाई. घामानं भिजलेला, शर्टाले पिवळे डाग, एक हात वर.

"हे काय करून राह्यले?"

"मामाजी, हात काढला का चित्र जाते."

शालिकरामजींनी आधी त्याच्याकडे पाह्यलं, मंग त्या हाताकडे पाह्यलं. रागावले नाहीत. उलट चेहरा असा झाला का, जसा खूप दिवसांनी कोणी वळखीचं भेटलं. दांड्यावर हात ठेवून, गाडी पुरती निघून जाईस्तोवर उभं राहाणं त्यांनी सारी नोकरी केलं होतं.

"सोडू नका," ते म्हणाले. "आधी मी धरतो. मंग तुम्ही सोडा." अन् धोतर सावरत, गुडघे कुरकुरत, सासरे टेबलाखाली शिरले. सुधाकरच्या हातावर हात ठेवला, मंग सुधाकरनं हात हळूच काढून घेतला.

चित्र गेलं नाही. पण शालिकरामजींचा हात म्हाताऱ्या माणसाचा, तो थरथरत होता. हात थरथरला का पडद्यावर चक्राचे आरे लखलखायचे, एक बुजायचा, दुसरा उजळायचा, अन् ते थांबवलेलं चक्र हळूहळू चालायले लागलं. मांडवात असा आवाज झाला, जसं सारं गाव एकदम श्वास घेऊन राह्यलं. बाबू उभा झाला. "ये चल रहा है."

सुखदेवभाऊ माइकवरून, जराही न अडखळता म्हणाले, "नाही साहेब. थरथरून राह्यलं आहे. थंडीनं."

एप्रिलचा महिना. पण बाबू बसला. मले वाटते त्यालेही चक्र चालताना पाहाचं होतं.

सुधाकर मंचावर गेला. हार पडला, टाळ्या पडल्या. इंदूनं मान वर केली अन् टाळ्यात तिचेही हात होते, हे त्यानं बरोबर पाह्यलं. सारं झालं, फक्त ज्यांना दाखवाचं होतं, त्या मामाजींची पह्यल्या रांगेतली जागा रिकामी. अन् तेवढ्यात गुणवंता बांबूसकट मांडवात शिरला अन् साऱ्यांना सांगाले लागला, का पाह्यलं, मी जरासा काटोलकडे घेतला म्हणून चक्र चाललं, नागपूरवाले इतके दिवस अडवून बसले होते. लोक माना हलवाले लागले. सुधाकरच्या गळ्यातला हार जड झाला. परत तेच. परत नागपूर.

तवा टेबलाखालून आवाज आला. "गुणवंता, त्या बांबूचं तोंड फिरव. काटोल सोड, छिंदवाड्याकडे कर."

गुणवंतानं फिरवला. चक्र चालूच.

"आता खाली ठेव."

ठेवला. चक्र चालूच.

"आता मी हात काढतो. पाहा रे." चित्र गेलं, मुंग्या. "आता लावतो." चक्र. मंग कापडाआडून, शांतपणे, जशी पंगतीत वाटी खाली ठेवली होती तसं, शालिकरामजी म्हणाले, "नागपूरचं नाही हे. सौंसरचं आहे. माझ्या हाताखालून जाऊन राह्यलं."

सुधाकरले वाटलं आता मरण आलं तरी चालेल. म्हणजे खीर खाऊन झाल्यावर.

खीर वाटली. लोक उठले, बाबू दोन वाट्या खाऊन गेला, सतरंज्या गोळा झाल्या. सुधाकर कापड उचलून म्हणाला मामाजी, झालं, चला आता, बटन बंद करतो.

शालिकरामजी हलले नाहीत. चक्रापुढं अजून दोन म्हाताऱ्या अन् एक पोरगी बसली होती.

"अजून पाहणारे आहेत. दांडा असा सोडून जात नसतात, जवाई. चार्ज घेणारा माणूस पाह्यजे."

सुधाकर हार घातलेला तसाच आत शिरला, त्यांच्या बाजूले बसला, आधी हातावर हात ठेवला. इंदूनं कापडाखालून खिरीची वाटी सरकवली. शालिकरामजींनी ती घेतली, एक घोट घेतला, अन् बाहेर लाउडस्पीकरवर सुखदेवभाऊ, दोघं कधीचेच टेबलाखालून निघाले असं धरून, साऱ्या मोहल्ल्याले विचारून राह्यले होते, का आपले सत्कारमूर्ती अन् त्यांचे सासरे दोघंही कुठं गेले, कोणी पाह्यले का.

"बोलू नका," शालिकरामजी हळूच म्हणाले. "ड्यूटीवर आहोत आपण."